शाल, श्रीफळ आणि सुपारी

दर वर्षी प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येस केंद्र सरकार पद्म पुरस्कारांची यादी जाहीर करते. दुसऱ्या दिवशी ती वृत्तपत्रांत छापून येते, चार दिवस अभिनंदनाचे फलक झळकतात, ठिकठिकाणी शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतात आणि पुढच्या यादीपर्यंत सारे शांत होते. मोठमोठ्या नामावळीत एखादे नाव मात्र असे असते की ते वाचताच किनारपट्टीवरच्या माणसाला आपल्याच वाड्यावरील कोणी चौरंगावर बसल्यासारखे वाटते. २०२१ सालच्या यादीत असे एक नाव होते. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे श्री. परशुराम विश्राम गंगावणे यांना लोककलेतील कार्याबद्दल ‘पद्मश्री’ देण्यात आली. त्या घटनेला आज काही वर्षे लोटली आहेत. अभिनंदनाचा भर ओसरल्यावरच सन्मानाचा खरा हिशेब मांडता येतो, अशी आमची धारणा असल्यामुळे हा विषय आम्ही मुद्दाम आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पिंगुळी गोमंतकीयाला परकी नाही. पत्रादेवीचा नाका ओलांडून, बांदा आणि झाराप मागे टाकून कुडाळकडे जाताना हे गाव लागते. आपल्याकडील असंख्य भाविक राऊळ महाराजांच्या मठाच्या दर्शनाला तेथे नित्य जात असतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांच्या ताब्यात जाईपर्यंत पेडणे, डिचोली आणि सत्तरी हे महाल सावंतवाडीकरांच्याच अमलाखाली होते. म्हणजे आज जिला आपण राज्याची सीमा म्हणतो, ती आपल्या जत्रांच्या, दैवतांच्या आणि खेळांच्या मानाने कालपरवाची आहे. पिंगुळीच्या कलेचा विचार गोव्यातील वृत्तपत्राने का करावा, असे कोणी विचारील, तर त्याला हे उत्तर पुरेसे व्हावे.

पिंगुळीच्या गुढीपूर भागात ठाकर समाजाची वस्ती आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत या समाजाची गणना होते. शेतीवाडी बेताची, परंतु कलेच्या बाबतीत या समाजाइतका श्रीमंत समाज सबंध कोकणात विरळा. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, पांगुळ बैल, राधानृत्य, गोंधळ, फुगड्या असे अकरा कलाप्रकार त्यांच्या ठेव्यात मोजले जातात. त्यांतील चित्रकथी हा शिरोमणी. कागदावर काढलेल्या चित्रांचा एक संच म्हणजे एक ‘पोथी’. एका पोथीत एक आख्यान. कथेकरी चित्र उभे धरतो, त्यातील प्रसंग गाऊन आणि बोलून सांगतो, साथीदार टाळ, वीणा आणि हुडूक वाजवितात. प्रसंग संपला की पुढचे चित्र येते. रामायण, महाभारत आणि पुराणे यांतील कथा यात असतात. मात्र त्या ग्रंथांशी ताळा पाहून रचलेल्या नसतात. लोकांच्या तोंडी जशा रुजल्या तशा त्या येतात. ठसठशीत रेघ, एका बाजूने दाखविलेले चेहरे, विस्फारलेले टपोरे डोळे आणि मोजके रंग, एवढ्या सामग्रीवर ही चित्रे समईच्या प्रकाशातही दुरून ओळखू यावीत अशी काढलेली असतात.

ही कला कालची नव्हे. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख सापडतो. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पैठणशैलीची चित्रकथीची चित्रे जतन केलेली आहेत. त्यावरून ही कला एके काळी घाटावरही नांदत होती हे उघड दिसते. मात्र तिकडे उरली ती चित्रे. चित्रांपुढे बसून गाणारा माणूस उरला नाही. चित्र आणि कथेकरी दोघेही एका ठिकाणी टिकले ते कोकणात, पिंगुळीत. हे भाग्य की योगायोग, या वादात न पडता एवढे म्हणता येईल की त्यामागे सावंतवाडी संस्थानचा आश्रय आणि देवळांचा आधार ही दोन भक्कम कारणे होती. गावोगावच्या देवस्थानांत सणाउत्सवाच्या दिवशी ठाकरांनी जाऊन कला सादर करावी आणि त्याबद्दल त्यांना धान्य, नारळ, चार पैसे मिळावेत, अशी रीत होती. कलेला तिचा दिवस ठरलेला होता, तिची जागा ठरलेली होती आणि तिचा प्रेक्षकही ठरलेला होता.

पुढे हे सारे मोडले. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला आणि चित्रे हलू लागली. ज्या पुराणकथा चित्रकथी सांगत होता त्याच पुराणकथा पडदा सांगू लागला. १९४८ साली सावंतवाडी संस्थान विलीन झाले आणि राजाश्रयाचा धागाही तुटला. तरीही आमच्या मते या दोहोंपेक्षा मोठे कारण निराळेच आहे. देवळातली जागा सुटल्यावर जो कलावंत दारोदार फिरू लागला, त्याला समाजाने ‘मागता’ म्हणून ओळखले. पोथी काखेत घेऊन आलेल्या माणसाला पसाभर तांदूळ घालायचे आणि कथा न ऐकताच दार लोटून घ्यायचे, ही वागणूक ज्याच्या बापाच्या वाट्याला आली, तो मुलगा ती पोथी पुन्हा हाती का धरील? कला विस्मरणात जाते असे आपण सहज म्हणतो. पुष्कळदा तिला अपमान सोसवेनासा होतो आणि ती आपण होऊन घरातल्या माळ्यावर जाऊन बसते. जुन्या पोथ्या जीर्ण झाल्या, काही घराबाहेर गेल्या, संग्रहालयांत पोचल्या आणि ज्यांच्या आज्यांनी त्या रंगविल्या त्यांना त्या पाहण्यासाठी तिकीट काढण्याची पाळी आली.

श्री. गंगावणे यांचे कर्तृत्व या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. ते चित्रकथी सादर करतात, कळसूत्री बाहुल्या नाचवितात, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. परंतु उत्तम कलाकार एवढीच त्यांची ओळख सांगणे अपुरे होईल. आपल्या समाजाच्या अंगणात विखुरलेले हे सगळे प्रकार त्यांनी एकत्र राखले, हे त्यांचे खरे काम होय. २००६ साली त्यांनी पिंगुळीत ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय सुरू केले. ते सुरू केले कशात? घरच्या गुरांच्या गोठ्यात! सरकारी जागा मिळावी, निधी मंजूर व्हावा, इमारतीचा आराखडा यावा आणि मग कार्य आरंभावे, अशी वाट त्यांनी पाहिली नाही. गोठा झाडून घेतला, बाहुल्या टांगल्या, चित्रे मांडली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला खेळ करून दाखवावयास सुरुवात केली. पुढची पिढी, त्यात त्यांचे स्वतःचे पुत्रही आले, याच अंगणात तयार झाली. पाणी, स्वच्छता असे आजचे विषय घेऊन बाहुल्यांचे खेळ बसविण्याचा प्रयोगही त्यांनी केला.

या संग्रहालयाचे नाव ‘कला आंगण’ असावे यात औचित्य आहे. संग्रहालय म्हटले की काचेची पेटी आणि ‘हात लावू नये’ अशी पाटी आपल्या डोळ्यांपुढे येते. अंगणात वस्तू हाताळायची असते. तेथे बाहुलीला दोरा आहे आणि दोरा ओढणारे बोटही आहे. लोककलेचे जतन करणाऱ्या शहरी विद्वानांनी आजवर जे केले ते मोलाचे आहे. त्यांनी चित्रे जपली, नोंदी केल्या, ग्रंथ लिहिले. परंतु त्या प्रयत्नांत कला बहुधा गावातून उचलून नेली गेली. श्री. गंगावणे यांनी ती गावातून हलविली नाही. पाहणाऱ्याने पिंगुळीत यावे, अशी व्यवस्था त्यांनी केली. ज्या वस्तीकडे पूर्वी लोक पाठ फिरवीत, त्या वस्तीचा पत्ता विचारीत आता पाहुणे येऊ लागले. समाजाच्या मनातला न्यूनगंड दूर करण्याचा याहून सरळ मार्ग आम्हांस तरी ठाऊक नाही.

आता मुख्य मुद्दा. पुरस्कार व्यक्तीला मिळतो. तसा तो मिळणे क्रमप्राप्तच आहे. सबंध वस्तीच्या छातीवर पदक लावण्याची सोय कोणत्याही सरकारच्या नियमांत नसते. पण चित्रकथी ही एका व्यक्तीची कला नाही. कथा सांगणारा एक, हुडूक वाजविणारा दुसरा, टाळाला तिसरा, असा तो मेळ आहे. बाहुल्यांच्या खेळाला तर पडद्यामागे अनेक हात लागतात. शिवाय पिंगुळीत ही परंपरा मसगे आदी अन्य घराण्यांनीही निष्ठेने राखली आहे. तेव्हा एका परशुरामाच्या गळ्यात हार पडला म्हणून ठाकरांच्या साऱ्या कलेचे ऋण फिटले, असे मानणे म्हणजे देवाच्या पालखीतल्या एका भोयाला पाणी पाजून सगळ्यांची तहान भागली असे समजण्यासारखे आहे. आमची खात्री आहे की ज्या माणसाने आपले अंगण सर्वांना मोकळे केले, त्यालाही हे मान्य होणार नाही.

मग समाजाच्या कलेचा सन्मान करायचा म्हणजे काय करायचे? याचे उत्तर शोधण्यासाठी लांब जायला नको. शेजारचाच दशावतार पाहावा. तोही याच मातीतला, तोही पुराणकथांवर जगणारा, तोही चित्रपटाच्या आणि दूरचित्रवाणीच्या माऱ्यात सापडलेला. तरीही कार्तिकात जत्रांचा हंगाम सुरू झाला की सिंधुदुर्गात आणि पेडण्यात दशावतारी मंडळ्यांचे पेटारे हलू लागतात ते उन्हाळ्यापर्यंत थांबत नाहीत. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर ही नावे आजही जत्रेच्या फलकांवर असतात. संहिता कागदावर नाही, तालमीला सभागृह नाही. तरी रात्री उशिरा आडदशावतार उरकून आख्यान उभे राहते आणि पहाटेपर्यंत माणसे हलत नाहीत. २०२५ साली ‘दशावतार’ याच नावाचा मराठी चित्रपट आला आणि शहरी प्रेक्षकालाही या नटाची ओळख झाली. पण गावच्या प्रेक्षकाला ओळख करून द्यावी लागली नव्हती. 

दशावतार जगला याचे रहस्य कोणत्या पुरस्कारात नाही. प्रत्येक गावाच्या जत्रेत त्याची रात्र राखून ठेवलेली आहे, हे त्याचे रहस्य. अमुक देवाची जत्रा म्हणजे अमुक मंडळीचे नाटक, हा संकेत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. मंडळीला सुपारी मिळते, ठरलेली बिदागी मिळते, नटाला उद्याची खात्री असते, म्हणून मुलगा बापाच्या मागोमाग तोंडाला रंग लावतो. चित्रकथीची रात्र मात्र कॅलेंडरातून पुसली गेली. कौशल्य तिच्यात कमी नव्हते, रस कमी नव्हता; तिला बोलावणारे कोणी राहिले नाही, एवढेच घडले. यावरून आम्ही असा निष्कर्ष काढतो की समाजाच्या कलेला शाल आणि श्रीफळ यांच्या आधी हवी असते ती सुपारी. सत्कार कलावंताच्या गतकाळाचा होतो. सुपारी त्याला पुढच्या महिन्याचे काम देते.

हा विचार पिंगुळीपुरता ठेवून आपण मोकळे होऊ शकत नाही, कारण आरसा आपल्याकडेही वळतो. गोमंतकाने भारताला गायनाचार्यांची आणि गानसम्राज्ञींची रांगच दिली. केरीच्या केसरबाईंना १९६९ साली आणि कुर्डीच्या मोगूबाईंना १९७४ साली ‘पद्मभूषण’ मिळाले. केसरबाईंचा स्वर तर १९७७ साली अमेरिकेच्या ‘व्हॉयेजर’ यानांतून पृथ्वीबाहेर पाठविलेल्या तबकडीवर कोरला गेला. आज त्यांच्या नावाने आपण संगीत समारोह भरवितो आणि अभिमानाने भाषणे करतो. परंतु ज्या देवळांच्या चौकात या कलेचे बीज रुजले, त्या देवळांशी बांधलेल्या कलावंत समाजाला गोमंतकाने त्या काळी कोणत्या नजरेने पाहिले? नाव झाले ते मुंबईत आणि कोल्हापुरात राहून. आधी अवहेलना, मग बाहेरच्यांनी केलेला गौरव आणि सरतेशेवटी आपला अभिमान, हा क्रम आपल्या परिचयाचा आहे. पिंगुळीतही तोच घडला. तो पुन्हा घडू नये अशी इच्छा असेल, तर आज जी कला दाराशी उभी आहे तिच्याकडे आजच पाहावे लागेल.

अशा कला आपल्याकडे थोड्या नाहीत. पेरणी समाजाचा मुखवट्यांचा जागर, सत्तरीचे रणमाले, गावड्यांचा जागर, मांडावरचे धालो, घोडेमोडणी, काला, सुवारीवादन अशी यादी हवी तेवढी लांबविता येईल. राज्य सरकारने यांच्यासाठी काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. वृद्ध कलाकारांना मासिक मानधन देण्याची योजना आहे, तालुक्यांतून रवींद्र भवने उभी राहिली आहेत, लोकोत्सवात दूरदूरची पथके येतात. या सर्वांचे आम्ही स्वागतच करतो. आमचे म्हणणे एवढेच की महोत्सवाच्या रंगमंचावर कलेचा ठरावीक मिनिटांत बसविलेला तुकडा दिसतो. जागर ज्या मांडावर ज्या रात्री व्हायचा, त्या मांडावर त्या रात्री काय होते, याची चौकशी त्या महोत्सवात होत नाही. वर्षातून एकदा दिव्यांच्या झगमगाटात नाचविलेली कला उरलेले दिवस अंधारात राहिली, तर ती पुढल्या वर्षी रंगमंचावर यायला शिल्लक राहील काय?

या ठिकाणी दोन आक्षेप हमखास घेतले जातात आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. पहिला आक्षेप असा की काळाबरोबर जे जायचे ते जाऊ द्यावे. मेलेल्याला सुया टोचून काय उपयोग? हे तत्त्व आम्हांसही मान्य आहे. मात्र आधी नाडी तर पाहावी! चित्रकथीचे गाणे ज्यांना येते ती माणसे आहेत, बाहुल्या नाचवू शकणारी बोटे आहेत, खेळ लागला तर मुले डोळे विस्फारून पाहतात. बोलावणे न आल्यामुळे जो घरी बसला आहे, त्याला मेलेला म्हणणे हा कोणता न्याय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो बहुधा त्या त्या समाजातील शिकलेले तरुणच घेतात. ते विचारतात, ही कला आमच्या गळ्यात जातीबरोबर बांधली गेली. आमच्या आजोबांनी ती सादर करून अंगणात उभे राहून भीक घेतली. आता आम्ही शिकलो, नोकरीला लागलो, तर तुमच्या करमणुकीसाठी आम्ही पुन्हा तेच करावे काय? या प्रश्नाची धार बोथट करण्याचा प्रयत्न कोणी करू नये. ठाकराच्या मुलाने चित्रकथीच झाले पाहिजे आणि पेरण्याच्या मुलाने जागरच केला पाहिजे, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. त्याने डॉक्टर व्हावे, न्यायाधीश व्हावे. पण ज्या मुलाला कला आवडते, त्याला ती करताना मान खाली घालावी लागू नये, एवढी जबाबदारी तर आपली आहे! जी वस्तू भिक्षेच्या झोळीत पडत होती ती ठरलेल्या मोबदल्याने आली, अंगणात उभ्याने होत होती ती सभामंडपात आसनावर बसून झाली, तर कलेवरचा डाग पुसला जाईल आणि कला राहील. डागाबरोबर कलाही धुऊन टाकावी अशी वेळ आलेली नाही. गोठ्याचे कला आंगण करून श्री. गंगावणे यांनी नेमके हेच सिद्ध केले आहे.

या दृष्टीने काही सूचना आम्ही करू इच्छितो. पहिली सूचना देवस्थान समित्यांना. आपली देवस्थाने संपन्न आहेत, उत्सवांवर सढळ हाताने खर्च होतो. नवरात्रात, रामनवमीला, जत्रेच्या आधी-मागच्या दिवसांत वाद्यवृंद आणि विनोदी कार्यक्रम होतात, तेही व्हावेत. परंतु रामनवमीच्या उत्सवात एक संध्याकाळ चित्रकथीच्या रामायणासाठी राखून ठेवली, तर रामाला ते अधिक आवडेल असे आम्हांस वाटते. ही जागा नवीन द्यायची नाही. जी देवळाने पूर्वी दिली होती तीच परत करायची आहे. एका वर्षी हौसेने बोलावून थांबू नये. दर वर्षी त्याच तिथीला बोलावणे जावे, बिदागी आधी ठरावी आणि कार्यक्रमपत्रिकेत कलावंतांची नावे कीर्तनकाराच्या नावाइतक्याच ठळक अक्षरांत छापली जावीत.

दुसरी सूचना शाळांना आणि रवींद्र भवनांना. चित्रकलेच्या तासाला झाडे आणि डोंगर काढणाऱ्या मुलांनी गावातली एखादी कथा आठ-दहा चित्रांत काढावी आणि वर्गापुढे ती गाऊन सांगावी. चित्र, गाणे, भाषा आणि धीटपणा यांचे शिक्षण एका तासात होईल. हे शिकवावयास पिंगुळीचा कलावंत पाहुणा म्हणून यावा आणि त्याला पाहुण्याचा मान व शिक्षकाचे वेतन मिळावे. रवींद्र भवनांनी तुकड्यांचे महोत्सव भरविण्याबरोबरच वर्षातून काही वेळा एकेक पूर्ण आख्यान, पूर्ण रणमाले, पूर्ण जागर यांचे प्रयोग लावावेत. लांब होतो, कंटाळा येतो, ही सबब पहाटेपर्यंत दशावतार पाहणाऱ्या लोकांपुढे टिकणारी नाही.

तिसरी सूचना संशोधकांना आणि शासनाच्या संस्कृतीविषयक खात्यांना. चित्रे कागदावर असल्यामुळे ती उरतात. ती उलटताना जे गायले जाते ते मात्र माणसाबरोबर जाते. घाटावर नेमके हेच झाले, हे आम्ही वर सांगितलेच आहे. आज ध्वनी आणि दृश्य टिपण्याची साधने प्रत्येकाच्या खिशात आहेत. प्रत्येक जुन्या जाणत्या कलावंताकडील प्रत्येक आख्यान आरंभापासून अखेरपर्यंत, शब्दांसह, चालीसह नोंदवून ठेवले पाहिजे आणि त्याची प्रत त्या वस्तीच्या स्वाधीन केली पाहिजे. सीमेच्या अलीकडचे व पलीकडचे अशी दोन सरकारे आहेत म्हणून हे काम दोन अर्ध्यांत अडकू नये. ज्या जत्रांना राज्याची सीमा माहीत नाही, त्या जत्रांतील कलेसाठी पणजी आणि मुंबई यांनी एका पंक्तीस बसावयास हरकत नसावी.

चौथी गोष्ट आम्हां वृत्तपत्रांची. नाट्यस्पर्धेतील प्रत्येक प्रयोगाचे परीक्षण मराठी वृत्तपत्रे छापतात. नटाचा उच्चार, दिग्दर्शकाची जाण, नेपथ्याचे दोष यांची चर्चा होते. चित्रकथीच्या किंवा जागराच्या प्रयोगाचीही तशीच, कलेच्या कसोट्यांवर समीक्षा झाली पाहिजे. लोककलेविषयी केवळ कौतुक लिहायचे आणि गुणदोष सांगायचे नाहीत, हीदेखील एक प्रकारची उपेक्षाच आहे. ज्याला आपण खरोखर कलावंत मानतो त्याच्या चुका दाखविण्याचे धाडस आपण करतो. अशा प्रयोगांच्या परीक्षणांना या पानांत जागा असेल, हे आम्ही येथे नमूद करतो.

श्री. परशुराम गंगावणे यांच्या सन्मानाने ठाकर समाजाला आणि सबंध किनारपट्टीला जो आनंद झाला त्यात आम्ही मनःपूर्वक सहभागी आहोत. दिल्लीने आपले कर्तव्य केले. राष्ट्रपतींच्या हस्ते पदक देणे दिल्लीच्या हाती होते. गावच्या देवळात बोलावणे धाडणे दिल्लीच्या हाती नाही, ते आपल्या हाती आहे. यंदाच्या उत्सवाची कार्यक्रमपत्रिका ठरविण्यासाठी देवस्थानांच्या समित्या बसतील, तेव्हा एखाद्या समितीतील एखाद्या सभासदाने एवढेच विचारावे, की पिंगुळीच्या मंडळींना आपण सुपारी कधी पाठविणार? हा प्रश्न दहा गावांत विचारला गेला तरी त्या पद्मश्रीचे चीज झाले असे आम्ही समजू.